‘पिशवी काढली’ म्हणजे नेमकं काय काढलं?

हे प्रकरण माझ्याच दवाखान्यातलं आहे. ताईंची परवानगी घेऊन लिहितो आहे. नाव, कामाचा तपशील आणि काही तारखा बदलल्या आहेत. बीपीचे आकडे मात्र केस पेपरवरचेच आहेत. चूक कुठे झाली ते पुढे येईलच. ती मोठ्या प्रमाणात माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी

सुनंदाताई (नाव बदललेलं) तेव्हा ४३ वर्षांच्या होत्या. माहेर आणि सासर दोन्ही पाटण तालुक्यातलं. यजमान वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, आणि ताई मसाला मार्केटातल्या एका गाळ्यावर हिशेब लिहायला. कोपरखैरण्यात सातारा-सांगलीकडच्या माथाडी कुटुंबांची वस्ती मोठी आहे, आणि माझा दवाखाना त्याच वस्तीत. इथल्या बायकांचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. डबे, पाणी, मुलं, मग रिक्षाने मार्केट, संध्याकाळी पुन्हा ओटा. अशा बाईचं बीपी वाढलेलं दिसलं की माझ्या तोंडून आपोआप तीन शब्द निघतात: ताण, मीठ, झोप. बहुतेक वेळा ते बरोबरही ठरतात, म्हणून तर सवय लागली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या गुडघा दुखतो म्हणून आल्या. पाऊस नुकताच लागला होता, दवाखान्यात गर्दी होती. बीपी १५६/९८ भरलं. दहा मिनिटं बसवून पुन्हा पाहिलं तर १५०/९६. गुडघ्यासाठी त्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून महिनाभर खात होत्या. अशा गोळ्यांनी बीपी चढतं, म्हणून ती बंद केली, मीठ कमी करायला सांगितलं आणि आठवड्याने बोलावलं. वडिलांना बीपी होतं, साखर नव्हती. थायरॉइड, किडनी, पोटॅशियम, लघवी, ईसीजी सगळं ठीक निघालं.

आमच्या केस पेपरवर ‘शेवटची पाळी’ असा एक रकाना आहे. तो आमच्या सिस्टर भरतात. त्यात लिहिलं होतं: पिशवी काढली. मी ते वाचलं आणि पुढच्या रकान्याकडे गेलो.

का गेलो, याचा नंतर पुष्कळ विचार केला. एक तर गर्दी. दुसरं म्हणजे यजमान शेजारच्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्यासमोर पाळीचं बोलायला ताई अवघडतील असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर अवघडलो होतो मी. पण सगळ्यांत मोठं कारण वेगळंच. ‘पिशवी काढली’ हे आपल्याकडे पूर्ण उत्तर मानलं जातं. पाळीचा विषय मिटला, कॅन्सरची भीती मिटली, बाई मोकळी झाली. हा शब्द इतका रुळलेला आहे की त्यात किती गोष्टी गुंडाळल्या जातात ते बाईलाही कळत नाही आणि डॉक्टरलाही विचारावंसं वाटत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा सगळी चर्चा पिशव्या कशासाठी काढल्या यावर झाली. पिशवीबरोबर अंडाशयही गेले का, आणि गेले असतील तर त्या बायकांच्या पुढच्या तीस वर्षांचं काय, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी फारसा विचारला नाही. मीही नाही.

अडचण

आठवड्याने बीपी १५२/९४. अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू केली. ही गोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते. स्वस्त आहे, रोज एकदा घ्यायची, बहुतेकांना सोसते.

ताईंना सोसली नाही. तीन आठवड्यांनी आल्या तेव्हा बीपी १४२/९० होतं, पण दोन्ही पावलं सुजलेली. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, गोळीनं अंगातनं वाफा निघायच्या वाढल्यात.” मी ‘वाढल्यात’ हा शब्द ऐकलाच नाही. अ‍ॅम्लोडिपिनने रक्तवाहिन्या सैलावतात, काहींचा चेहरा तापतो, पाय सुजतात. म्हणून मी वाफांचं खापर सरळ गोळीवर फोडलं. ‘वाढल्या’ म्हणजे आधीपासून होत्या. कधीपासून, दिवसातून किती वेळा, रात्री घामाने जाग येते का, यातलं मी काहीच विचारलं नाही. गोळी अर्ध्यावर आणली. झोप लागत नाही म्हणाल्या म्हणून दहा दिवसांसाठी मन शांत करणारी गोळी लिहून दिली. ती चिठ्ठी आज वाचताना बरं वाटत नाही.

मग अडीच महिने त्या आल्याच नाहीत. गणपती गावाला झाले. सप्टेंबरअखेर आल्या त्या डोकं ठणकतं म्हणून. बीपी १६४/१०२. वाफांचं विचारलं तर म्हणाल्या, “त्या गेल्या आता.” मला वाटलं अर्ध्या डोसाने गेल्या. बीपीची दुसरी गोळी, टेल्मिसार्टन ४०, जोडली. दहा दिवसांनी १५८/९८.

दोन औषधं चालू असताना ४३ वर्षांच्या बाईचं बीपी उतरत नसेल तर आधी दोन शक्यता तपासायच्या असतात: गोळ्या घेतल्या जात नाहीत, किंवा बीपी चढवणारं आणखी काहीतरी पोटात जातं आहे. मी त्यांना म्हटलं, घरात तुमच्या नावाचं जे जे औषध आहे, काढे, चूर्णं, बाटल्या, सगळं एका पिशवीत घालून आणा. आणि ऑपरेशनचं कार्ड असेल तर तेही.

नवरात्रात मुलगी बरोबर घेऊन त्या आल्या. यजमान नव्हते. कापडी पिशवीतून टेबलावर आलं ते असं: माझ्या दोन गोळ्या, कॅल्शियम, ज्येष्ठमधाच्या काड्यांची पुडी, आणि एक पांढरी पट्टी, इस्ट्रोजेनची, ०.६२५ मिलिग्रॅमची, रोज एक. ऑगस्टपासून चालू. जिथे ऑपरेशन झालं होतं तिथे बहीण घेऊन गेली होती, वाफांसाठी ती लिहून मिळाली होती. मला का नाही सांगितलं? “ती बायकांची गोळी हाय ना, बीपीचं काय त्यात?”

सगळ्यात खाली प्लास्टिकच्या फोल्डरात डिस्चार्ज कार्ड. फायब्रॉइडमुळे (गर्भाशयातल्या साध्या गाठींमुळे) रक्तस्राव, हिमोग्लोबिन ७.८, दोन बाटल्या रक्त, आणि शस्त्रक्रियेच्या ओळीत ‘टीएएच विथ बीएसओ’. म्हणजे गर्भाशय, आणि दोन्ही बाजूंच्या बीजवाहिन्या व अंडाशय. वय ४१.

ताईंना हे माहीत नव्हतं. मुलीने विचारलं, “अंडाशय म्हणजे वेगळं असतं का?” मी केस पेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. ताई बराच वेळ ते चित्र बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे वाफा ऑपरेशनच्या तिसऱ्या-चौथ्या दिसापासनं उगाच नव्हत्या.” दीड वर्ष त्या हे सोसत होत्या. सासूबाईंनी सांगितलं होतं की पाळी जाताना असंच होतं, आणि त्यांनी ते मान्य केलं होतं.

अंडाशय गेले की रक्तवाहिन्यांत काय बदलतं

इथे जरा थांबतो, कारण पुढचे निर्णय यावरच घेतले.

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचं एकपदरी अस्तर असतं. या पेशींवर इस्ट्रोजेन ओळखणारे ग्राहक असतात. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन, म्हणजे एस्ट्राडिओल, तिथे चिकटलं की पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू जास्त तयार करतात. तो शेजारच्या स्नायूच्या थरात शिरतो, स्नायू सैल पडतो, नळी रुंदावते. रक्तवाहिन्यांत हा वायू निरोप्याचं काम करतो, या शोधासाठी १९९८ मध्ये फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल मिळालं. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटची गोळी आपल्या घराघरांत माहीत आहे. तीही शेवटी हाच वायू पुरवते. एस्ट्राडिओलचा परिणाम दोन वेगांनी होतो. काही भाग मिनिटांत दिसतो. काही भाग पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांमार्फत, तासांनी आणि दिवसांनी. याशिवाय नळी सैलावणारं प्रोस्टासायक्लिन वाढतं, नळी आवळणारं एंडोथेलिन कमी होतं, आणि अँजिओटेन्सिन ज्यावर चिकटून नळी आवळतो ते ग्राहक कमी होतात.

गरोदरपणात हे मोठ्या प्रमाणावर दिसतं. रक्त कितीतरी वाढतं, तरी मधल्या महिन्यांत बीपी उलट थोडं खाली येतं, कारण नळ्या सैलावलेल्या असतात. श्रेय एकट्या इस्ट्रोजेनचं नाही, प्रोजेस्टेरॉन आणि इतरही असतात; पण त्याचाही वाटा असतो.

नैसर्गिकरीत्या पाळी जाते तेव्हा हे सगळं काही वर्षांत हळूहळू ओसरतं. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. पाळी गेल्यावर बीपी वाढतं ते इस्ट्रोजेन गेल्यामुळे किती आणि वय-वजन वाढल्यामुळे किती, यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि तो वाद रास्त आहे. पण दोन्ही अंडाशय काढले की ओसरणं वगैरे काही नसतं. काही दिवसांतच एस्ट्राडिओल तळाला जातं. नळ्यांना सवय करून घ्यायला वेळच मिळत नाही. सिम्पथेटिक, म्हणजे घाबरल्यावर जागी होणाऱ्या, मज्जासंस्थेवरचा लगाम सैल होतो, छातीत धडधडतं. वाफ येते ती मेंदूतल्या तापमान-नियंत्रकाचा हिशेब बिघडल्यामुळे. अंग तापलेलं नसतानाही तो उष्णता बाहेर फेकायला कातडीखालच्या नळ्या एकदम उघडतो.

आणि मीठ. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात बायकांना अंडाशय काढण्याआधी आणि चार महिन्यांनी, दोन्ही वेळा कमी-जास्त मीठ देऊन तपासलं होतं. शस्त्रक्रियेनंतर, मिठाने बीपी चढणाऱ्या बायकांची संख्या दुपटीहून जास्त झाली. ताई म्हणायच्या, “खर्डा तर आम्ही जन्मापासनं खातो.” बरोबर होतं त्यांचं. खर्डा तोच होता, शरीर बदललं होतं.

मग इस्ट्रोजेन परत दिल्यावर बीपी का चढलं?

मुलीने हाच प्रश्न विचारला. बारावी सायन्सची आहे. जे गेल्याने बीपी वाढलं ते परत दिल्यावर कमी व्हायला हवं ना?

उत्तर वाटेत आहे. अंडाशयातलं इस्ट्रोजेन थेट रक्तात मिसळतं. तोंडाने घेतलेली गोळी आतड्यातून आधी यकृतात जाते, आणि यकृताला एकदम मोठा डोस लागतो. त्या धक्क्याने यकृत काही प्रथिनं जास्त बनवतं. त्यांतलं एक अँजिओटेन्सिनोजेन. त्यापासूनच पुढे अँजिओटेन्सिन बनतं, जे नळ्या आवळतं आणि अल्डोस्टेरॉन या हार्मोनमार्फत शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं. रक्त गोठवणारे घटकही याच वाटेने वाढतात. कुटुंबनियोजनाच्या एकत्रित गोळ्यांतल्या एथिनिल एस्ट्राडिओल या कृत्रिम इस्ट्रोजेनने काही बायकांचं बीपी चढतं तेही असंच. सणासुदीला पाळी पुढे ढकलायला घेतात त्या नॉरएथिस्टेरॉनचाही थोडा भाग शरीरात एथिनिल एस्ट्राडिओलमध्ये बदलतो. गौरी-गणपतीच्या आधी आमच्याकडच्या मेडिकलमध्ये ही गोळी किती खपते ते विचारून बघा. बीपी असलेल्या बायका ती स्वतःहून आणतात आणि कुणालाच सांगत नाहीत.

बहुतेकींचं बीपी तोंडावाटे घेतलेल्या हार्मोनने फारसं बदलत नाही. मोठ्या अभ्यासांत वरचा आकडा सरासरी एक-दीडनेच वाढलेला दिसतो. पण सरासरीत न बसणाऱ्या बायका असतात. कातडीवाटे, म्हणजे जेल किंवा पॅचने, दिलेलं एस्ट्राडिओल यकृताला वळसा घालून रक्तात येतं आणि हा धक्का बसत नाही.

तोलून पाहिलेले पर्याय

पहिला, हार्मोन पूर्ण बंद करून फक्त बीपीचे उपचार. सोपा, आणि माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्याला सुरक्षित वाटणारा. हार्मोन म्हटलं की आम्हा सगळ्यांच्या मनात २००२ चा ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा अमेरिकन अभ्यास असतो, जो पक्षाघात, हृदयविकार, गुठळ्या आणि स्तनाच्या कॅन्सरच्या वाढीमुळे मुदतीआधी थांबवावा लागला. पण त्यातल्या बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या, सरासरी साठीच्या पुढच्या, आणि त्यांतल्या औषध घेणाऱ्यांना इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टोजेनही (गर्भाशयाच्या अस्तराला जपणारं दुसरं हार्मोन) दिलं जात होतं. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ बायकांचा वेगळा गट होता, त्यांतल्या साधारण निम्म्यांना फक्त इस्ट्रोजेन, बाकीच्यांना नकली गोळी. तो २००४ मध्ये पक्षाघाताच्या वाढीमुळे थांबवला, पण स्तनाचा कॅन्सर त्या गटात वाढलेला नव्हता. ४१ व्या वर्षी दोन्ही अंडाशय गेलेली बाई या दोन्ही गटांत बसत नाही. तिच्याबाबत प्रश्न उलटा असतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या पाहणीत ४५ च्या आत दोन्ही अंडाशय काढलेल्या, आणि विशेषतः नंतर इस्ट्रोजेन न घेतलेल्या, बायकांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू जास्त आढळले होते. हाडांचं नुकसान वेगळंच. म्हणून कॅन्सर, गुठळी, पक्षाघात असं काही अडसर नसेल तर अशा बाईला नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन द्यावं, असा सल्ला सर्वत्र दिला जातो.

दुसरा पर्याय, गोळी चालू ठेवून बीपीचं तिसरं औषध जोडणं. आदल्या आठवड्यात मी नेमकं हेच करायला निघालो होतो.

तिसरा, वाफांसाठी हार्मोनशिवायचं औषध. व्हेन्लाफॅक्सिन वाफा कमी करतं, पण त्यानेच काहींचं बीपी वाढतं. गॅबापेंटिनने झापड येते, आणि हिशेबाच्या वहीवर बसणाऱ्या बाईला ते परवडत नाही.

चौथा पर्याय माझ्या डोक्यात नव्हता. शस्त्रक्रिया केलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना मी फोन केला. थोडा तणतणतच केला होता, कबूल करतो. त्यांनी शांतपणे विचारलं, “गोळी सुरू केली तेव्हा तिचं बीपी मी मोजलं होतं, १३८/८८ होतं. दुसऱ्या कुणाकडे बीपीची गोळी चालू आहे हे ती बोललीच नाही. तुम्ही तिच्या अंडाशयांबद्दल मला कधी विचारलंत?” मी गप्प झालो. पुढे त्या म्हणाल्या, “वाट बदलू. आधी तुम्ही बीपी आवाक्यात आणा, मग मी जेल देते.”

काय केलं

त्याच दिवशी इस्ट्रोजेनची गोळी बंद. अ‍ॅम्लोडिपिन बंद. टेल्मिसार्टन ४० चालू ठेवली. ही गोळी अँजिओटेन्सिनलाच अडवते, त्यामुळे इथे ती चपखल बसत होती. गरोदरपणात ती चालत नाही, पण इथे तो प्रश्नच नव्हता.

ज्येष्ठमधही बंद. मसाला मार्केटात मिरचीच्या धुरळ्याने घसा खवखवतो म्हणून ताई दिवसभर काडी चघळायच्या. त्यातल्या ग्लायसिऱ्हायझिनमुळे शरीर मीठ धरून ठेवतं आणि बीपी चढतं. एखाद-दुसऱ्या काडीने काही होत नाही, पण ‘दिवसभर’ म्हणजे किती ते त्यांनाच सांगता येईना.

दंडाला लावायचं बीपीचं मशीन घेतलं. मनगटाचं नको म्हटलं. ताईंचा दंड मोजला तर ३४ सेंटिमीटर भरला, म्हणजे माझ्या दवाखान्यातला नेहमीचा पट्टा त्यांना लहान पडत होता आणि आकडा थोडा फुगवून दाखवत होता. हे पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. मोठा पट्टा मागवला. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, पाच मिनिटं टेकून बसून, पाय जमिनीला, चहाआधी, न बोलता. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी. घरच्या मशीनवर १३५/८५ च्या खाली हवं.

मॅमोग्राफी झाली, कोलेस्टेरॉल झालं, घरात कुणाला गुठळीचा त्रास होता का ते विचारून झालं. सगळं निर्धोक.

हार्मोनशिवायचे तीन आठवडे अवघड गेले. वाफा दुप्पट जोमाने परतल्या. रात्री दोनदा गाऊन बदलावा लागायचा. ताईंनी मला जे काही सुनावलं ते इथे लिहीत नाही. यजमानांना एकदा मुद्दाम बोलावून सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, “मला वाटायचं ही उगंच चिडती.” दुसऱ्या दिवसापासून पहाटेचं पाणी भरायचं काम त्यांनी घेतलं, असं मुलीकडून कळलं.

तीन आठवड्यांनी घरची सरासरी १३६/८६ आली. तेव्हा जेल सुरू झालं. रात्री झोपताना दंडाच्या आतल्या बाजूला, वाळेपर्यंत थांबायचं, तासभर पाणी लावायचं नाही, हात धुवायचे. स्तनावर लावायचं नाही. मार्केटातून आल्यावर मिरचीचे हात आधी साबणाने, ही सूचना आमची स्थानिक. गर्भाशय नसल्यामुळे जोडीला प्रोजेस्टोजेनची गरज नव्हती. पॅचचाही विचार झाला होता, पण आमच्या मेडिकलवाल्याकडे तो नव्हता आणि घामाने सुटेल अशी ताईंनाच शंका होती.

संध्याकाळी निसर्ग उद्यानात चालणं, अर्धा तास. आठवड्यातून चार दिवस जमतं, तेवढंच लिहिलं आहे.

परिणाम

जेल सुरू होऊन सहा आठवड्यांनी घरची सरासरी १२८/८०. जानेवारीत १२६/७८. दिवसाला दहा-बारा वाफा येत होत्या, त्या एक-दोनवर आल्या. झोप लागते. पायाची सूज तर अ‍ॅम्लोडिपिन बंद केल्यावर दहा दिवसांतच उतरली होती.

एप्रिलमध्ये मी टेल्मिसार्टन २० वर आणून पाहिली. मनात थोडी हाव होती की हार्मोन योग्य वाटेने गेलं, आता गोळी पूर्णच सुटेल. महिन्याभरात १३८/८८ झालं. पुन्हा ४० वर नेली. वडिलांचं बीपी, वजन, आणि दीड वर्ष इस्ट्रोजेनशिवाय गेलेल्या नळ्या. यातलं कोण किती कारणीभूत, ते मला सांगता येणार नाही. जेल बीपीचं औषध म्हणून दिलेलं नाही आणि तसं ते देऊही नये, हे ताईंना पुन्हा समजावलं. त्यांची जाऊ ‘मलाबी ते जेल द्या, माझं बीपी पण आहे’ असं म्हणत होती म्हणून.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात वरचा निर्णय माझा नव्हताच. फायब्रॉइड असलेल्या ४१ वर्षांच्या बाईचे निरोगी अंडाशय काढायला हवे होते का? पूर्वी, पुढे अंडाशयाचा कॅन्सर नको म्हणून ‘तेही काढून टाकू’ ही पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. आता या वयात, घरात तशा कॅन्सरचा इतिहास नसेल तर, शक्यतो ते राखायचा कल आहे. ताईंच्या संमतिपत्रावर दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या. खाली सही होती. पण सही करताना हिमोग्लोबिन ७.८ होतं आणि शेजारी सासूबाई म्हणत होत्या, लवकर उरकून घ्या. त्या सहीला समजून घेऊन दिलेली संमती म्हणायचं का, हे मला ठरवता येत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनीही फोनवर हे मान्य केलं की डिस्चार्जच्या वेळी सांगितलेलं बहुधा कुणाच्या डोक्यात शिरलं नसावं.

माझ्या बाजूने पाहिलं तर जूनमध्ये एक प्रश्न पुरला असता. कार्ड मागवलं असतं तर कदाचित अ‍ॅम्लोडिपिनच्या आधीच बाईंना फोन गेला असता, गोळी देताना त्यांना बीपीची पूर्ण कल्पना असती आणि सुरुवातच जेलने झाली असती. चार महिने आणि एक नको असलेली झोपेची गोळी वाचली असती. जुलैत ‘वाढल्यात’ हा शब्द ऐकला असता तरी चाललं असतं.

ऑक्टोबरमधल्या माझ्या वागण्यावर एका मित्राने, तो फिजिशियन आहे, वेगळाच आक्षेप घेतला. म्हणाला, तू इस्ट्रोजेनची गोळी, अ‍ॅम्लोडिपिन आणि ज्येष्ठमध एकाच दिवशी बंद केलंस, पट्टाही बदललास, आणि आता सांगतोस की वाटेचा फरक होता. काय माहीत, ज्येष्ठमधच असेल! त्याचं म्हणणं खोडता येत नाही. पोटॅशियम जूनमध्ये ठीक होतं, ते ऑक्टोबरमध्ये पुन्हा बघायला हवं होतं; कमी निघालं असतं तर बोट ज्येष्ठमधाकडे गेलं असतं. एकेक गोष्ट बंद करत गेलो असतो तर उत्तर स्वच्छ मिळालं असतं. पण १५८/९८ घेऊन ठणकत्या डोक्याने समोर बसलेल्या बाईला माझ्या स्वच्छ उत्तरासाठी आणखी दोन महिने थांबवायचं, हे मला आजही पटत नाही.

केस पेपरवरचा रकाना आम्ही बदलला. ‘शेवटची पाळी’च्या खाली आता तीन छोट्या ओळी आहेत: पिशवी काढली का, अंडाशय आहेत का, कार्ड पाहिलं का. सिस्टर सुरुवातीला वैतागल्या. बायका म्हणतात, कार्ड कुठंय, २००५ च्या पुरात गेलं, गावाला ट्रंकेत आहे, रद्दीत गेलं असेल. काही जणी मात्र शोधून आणतात.

मे महिन्यात सुनंदाताई जावेला घेऊन आल्या. जाऊ ४८ ची, बीपी १५४/९६, पिशवी सहा वर्षांपूर्वी काढलेली. ताईंनी स्वतःच फोल्डर उघडून कार्ड माझ्यासमोर ठेवलं आणि बोट ठेवून म्हणाल्या, “हितं वाचा.”

दोन्ही अंडाशय राखल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

जावेच्या वाफांची चौकशी केली, नव्हत्या. दुखण्याच्या गोळ्या नाहीत, दुसरं कुठलं हार्मोन नाही. मी मोठा पट्टा काढला, दंड मोजला. मग विचारलं, “तुम्हीपण मसाला मार्केटातच का?”

“व्हय,” त्या म्हणाल्या, आणि पदराच्या गाठीतून ज्येष्ठमधाची काडी काढून टेबलावर ठेवली.